दुपारांची बेरीज

बेरीज कमी आली. यशोधननं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पडद्यावरच्या त्या शेवटच्या चौकटीकडे परत पाहिलं. कारखान्यातली यंत्रं महिनाभरात किती वेळ बंद पडून होती, त्याचा तक्ता होता. खालच्या मशीन शॉपमधून, म्हणजे यंत्रशाळेतून, तो मिनिटांत आला होता, आणि राघवेंद्रला, म्हणजे त्याच्या साहेबाला, दुपारच्या मीटिंगसाठी तो तासांत हवा होता. मिनिटांना साठानं भागायचं, मग चोवीसानं, कारण स्प्रेडशीट वेळ मोजते ती दिवसाच्या हिश्शात. आणि शेवटी त्या रांगेला तास-मिनिटांचं रूप द्यायचं. एवढंच काम. प्रत्येक यंत्रासमोर तास नीट उमटले होते. एकट्या मोठ्या प्रेससमोर एकोणीस तास होते, आणि तळाशी सगळ्यांची मिळून बेरीज होती सात तास. त्यानं सूत्र तपासलं. सूत्र बरोबर होतं. पुसून पुन्हा लिहिलं. पुन्हा सात तास. असं होतं तेव्हा काय करायचं असतं ते आपल्याला माहीत आहे, एवढं त्याला पक्कं माहीत होतं. वर्षानुवर्षं हे तक्ते त्यानंच केले होते. ते उत्तर कुठंतरी जवळच होतं, शेजारच्या खोलीत कुणी बोलत असावं तसं. आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. आजारातून उठून कामावर परतून त्याला जेमतेम आठवडा झाला होता. राघवेंद्रनं हात हातात घेऊन म्हटलं होतं, सध्या हलकं काम करा, बघू कसं जमतंय. त्यातला ‘बघू’ चांगल्या मनानंच म्हटलेला होता. पण तेव्हापासून तो ‘बघू’ यशोधनच्या खुर्चीच्या पाठीमागे उभा होता.

डॉक्टरांनी तर निक्षून सांगितलं होतं. हा आजार नसांचा आहे. पायांतून वर चढतो, हात काढून घेतो, श्वासही काढून घेतो, आणि माणूस नशीबवान असला तर आला तसा हळूहळू उतरतो. डोक्याला हात लावत नाही. तुमचं डोकं होतं तसंच आहे, मिस्टर पाटणकर. त्या वाक्याला धरून यशोधन इतके महिने चालला होता, कुबड्या सुटल्यावरही. आणि आता एकोणीस तास ज्याच्या पोटात आहेत त्याची बेरीज सात येत होती, आणि ती का येते ते त्याला आठवत नव्हतं. शेजारच्या टेबलावर विद्याश्री कानात हेडफोन घालून कुणाशी तरी कन्नडमध्ये सुट्या भागांवरून हुज्जत घालत होती. तिला विचारावं का? विचारलं तर तिला कळेल. नाही विचारलं तर मीटिंगमध्ये सगळ्यांनाच कळेल. मिरजेहून इथं म्हैसूरला आला तेव्हाच्या पहिल्या वर्षात कन्नड येत नसल्यामुळे दुकानात काही मागायला तो असाच घुटमळायचा, ते त्याला आठवलं. शेवटी त्यानं विचारलं. आणि विचारताना, आपला आवाज अजून किती घोगरा आहे, हेही त्याला ऐकू आलं.

विद्याश्री खुर्ची सरकवत आली, वाकून पाहिलं आणि खुदकन हसली. “सर, दिवस गिळलेत त्यानं,” ती तिच्या इंग्रजी-कन्नडच्या मिश्रणात म्हणाली. “चोवीस तास झाले की एक दिवस करून बाजूला ठेवतो, आणि उरलेले तेवढे दाखवतो. घड्याळासारखं. दिवस आहेत आतमध्ये, गेले नाहीत कुठं.” तिनं रूप बदलायची खिडकी उघडली, तासाच्या अक्षराभोवती चौकोनी कंस घातला, आणि सातचे एकतीस झाले. यशोधन बघतच राहिला. हो, कंस. कंसच. “मी विसरलो,” तो म्हणाला. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ते वाक्य सोपं निघालं. “अय्यो सर, गेल्या महिन्यात मी तो तसाच मीटिंगमध्ये दाखवला. राघवेंद्र सर म्हणाले, वा, मशीन एकदम सुधारल्या! सगळे हसले. कुणाला लक्षात राहतं ते?” आणि ती परत आपल्या टेबलाशी जाऊन सुट्या भागांवरून भांडायला लागली. तिनं त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही, आणि त्या न पाहण्याबद्दल यशोधनला तिचे हात धरावेसे वाटले. विसरणं हे नुसतं विसरणं असू शकतं. निरोगी माणसंही विसरतात. आजारानं त्याच्याकडून एवढं काही काढून घेतलं होतं, की साधं विसरण्याचा हक्क आपल्याला परत मिळालाय, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तक्ता त्यानं राघवेंद्रला पाठवून दिला. मग पुढचं काम उघडून तो बसून राहिला. दिवस आहेत आतमध्ये, गेले नाहीत कुठं. हॉस्पिटलातल्या आपल्या दिवसांचा विचार तो सहसा करत नसे. लोक विचारत, किती दिवस होतात हो? तो महिन्यांत सांगे, कारण महिन्यांत सांगितलं की ऐकणाऱ्याचं समाधान होई आणि विषय संपे. कमलिनी, त्याची बायको, दिवसांत सांगे; तिनं ते दिवस घर, शाळेतली नोकरी आणि हॉस्पिटल यांच्यामध्ये रिक्षानं ओढले होते. डॉक्टर आठवड्यांत बोलत. नर्सेसचा वेळ कूस बदलण्याचा होता. दर थोड्या वेळानं त्या येत आणि त्याला ओंडक्यासारखा या अंगावरून त्या अंगावर करत. खुद्द त्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं. गळ्यात नळी, आवाज नाही, मानेखालचं काही हलत नाही. छताच्या एका कोपऱ्यात रंगाचा पोपडा आला होता आणि तो पोपडा पडण्याची तो वाट बघायचा. मिनिट नावाची गोष्ट किती मोठी असते, तिच्यात किती खोल्या असतात, आणि एका खोलीतून दुसरीत जायला किती वेळ लागतो, हे त्याला तिथं कळलं. विशेषतः दुपारी. सकाळी डॉक्टर असत, संध्याकाळी कमलिनी असे. तिच्या येण्याआधीची दुपार म्हणजे नुसतं पांढरं, आवाज न करणारं पाणी होतं, आणि त्यात तो उताणा पडलेला.

अशाच एका दुपारी त्याच्या नाकाला खाज सुटली होती. नुसती खाज. उजव्या नाकपुडीच्या बाजूला मुंगी चालावी तशी. प्रथम त्यानं दुर्लक्ष करून पाहिलं. मग ती वाढली, नाकभर झाली, चेहराभर झाली, आणि हाताला नाकापर्यंत आणायचा हुकूम तो पुनःपुन्हा देत राहिला, आणि हात चादरीवर कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा पडून राहिला. मृत्यूची भीती त्याला व्हेंटिलेटरवर वाटून गेली होती. पण त्या दुपारी वाटली ती वेडाची भीती. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तेव्हा शेजारच्या खाटेपाशी स्टुलावर बसलेली म्हातारी उठून आली. तिचा नवरा, वासुदेवराव, फुप्फुसाच्या आजारानं त्या खाटेवर होता आणि बहुतेक वेळ झोपलेला असे. म्हातारीच्या नाकात चमकी, केसांत मोगऱ्याचा सुकलेला गजरा. ती वाकून म्हणाली, “काय झालं, तम्मा? रडतो काय?” तम्मा, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. आणि तिच्या कानडी हेलातल्या त्या मोडक्यातोडक्या मराठीनं तो इतका दचकला, की क्षणभर खाज विसरला. मंडी मोहल्ल्यातली मंडळी, पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरची. घरात मराठी बोलायची, पण ती कानडीतून गाळून आलेली. खाटेला लावलेलं नाव वाचून तिनं तो मराठी असल्याचं ओळखलं होतं. “दुखतंय? डोळं एकदा मिटलं तर हौदु, दोनदा मिटलं तर नाही. आयतु? कळलं?” हे तिला कुणी सांगितलं होतं, की तिनंच त्या क्षणी काढलं होतं? त्यानं दोनदा मिटले. “तहान?” दोनदा. “खाज सुटली काय?” त्यानं एकदा मिटले, आणि मिटलेलेच ठेवले. मग ती भाजीवालीकडे भाव विचारावा तशी विचारत गेली. कान? कपाळ? हनुवटी? नाक? आणि नाकापाशी आल्यावर पदराला बोट पुसून तिनं अगदी हलक्या हातानं, वरून खाली, सावकाश खाजवलं. आयुष्यात कुणी आपल्याला यापेक्षा मोठं काही दिलं असेल, असं यशोधनला त्या क्षणी वाटलं नाही. अजूनही वाटत नव्हतं.

भानुमती तिचं नाव. कमलिनी तिला अक्का म्हणायला लागली आणि मनातल्या मनात तोही. काही दिवसांनी वासुदेवराव गेले. पहाटे गेले. यशोधनला जाग आली तेव्हा मधला पडदा ओढलेला होता आणि पडद्यामागे पावलांची हळू, शहाणी हालचाल चालली होती. मग खाट रिकामी झाली, नवी चादर आली, दुसरा पेशंट आला. अक्का आता येणार नाही, हे त्यानं स्वतःला समजावलं. तिच्या दुःखात आपली दुपार मोजणं बरं नव्हे, हेही समजावलं. तरी दुपारी दार वाजलं की त्याचे डोळे तिकडे वळत. आणि नवऱ्याचे दिवस वगैरे उरकल्यावर एका दुपारी ती आली. कुंकू नव्हतं, गजरा नव्हता. हातात कमलिनीनं दिलेला भेटीचा पास होता. स्टूल ओढून ती त्याच्या खाटेपाशी बसली आणि म्हणाली, “घरात दुपार सरत नाही, तम्मा. तुझ्याकडं बसू काय?” त्यानं एकदा डोळे मिटले. त्यानंतर ती येतच राहिली.

ती यायची आणि बोलायची. पाय चेपायची, आधी नुसता स्पर्शही निखाऱ्यासारखा भाजायचा, तो भाजेनासा होईपर्यंतचा सगळा काळ तिच्या बोलण्यानं भरलेला होता. तिचं माहेर पिरियापट्टणचं. तिथं तंबाखू भाजायच्या उंच कोठ्या, त्यांच्या तळाशी विस्तव. तो कमी झाला तर पानं हिरवी राहतात, जास्त झाला तर काळी पडतात, म्हणून वडील कोठीपाशीच बाज टाकून झोपायचे आणि लहानपणी ती त्यांच्या पायाशी. वास कसा? गुळासारखा आणि वहाणेसारखा, दोन्ही. वासुदेवराव लग्नात एवढे बारीक होते, की मुंडावळ्या मोठ्या झाल्या. दूधवाल्यानं पाणी घातलं. समोरच्या घरातल्या दोघी जावा नळावरून भांडल्या, त्यातली थोरली खरी, पण धाकटीचं तोंड गोड. बोलताबोलता कधी ती थांबायची, पदरानं डोळे टिपायची, “साकु, पुरे,” असं स्वतःलाच म्हणायची आणि पुन्हा जावांवर यायची. यशोधन ऐकत राहायचा. दुपारला आता भिंती आल्या, खिडक्या आल्या, त्यांतून तंबाखूचा गोड वास यायला लागला. तिला सांगायचं एक वाक्य तो मनात घडवत होता. बोलता आलं की पहिलं हेच बोलायचं. तुमचे उपकार मी विसरणार नाही. फार पुस्तकी वाटायचं, मग बदलायचा. तुम्ही होता म्हणून मी आहे. हे नाटकी. कामाला आणायचं लाकूड माणूस जसं उलटसुलट करून बघतो, तसं त्यानं ते वाक्य आठवडेच्या आठवडे तासलं. आणि गळ्यातली नळी निघाली, आवाज फुटला, तेव्हा तोंडातून आला तो शब्द होता ‘पाणी’. अक्का त्या दिवशी नव्हती. तिच्या गुडघ्याच्या दुखण्यानं उचल खाल्ली होती, आणि तो घरी जाईपर्यंत ती येऊ शकली नाही. पुढं फोन व्हायचे. पण तिला फोनवर ऐकू कमी यायचं, कमलिनीच ओरडून बोलायची. तिच्याकडे जायचं तर जिना होता. म्हातारीला गुडघ्यांमुळे तो उतरवत नव्हता, याला पायांमुळे चढवत नव्हता.

मीटिंग झाली. तक्त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. राघवेंद्रनं आकडा वाचला, कपाळाला आठी घालून प्रेसबद्दल विचारलं, आणि यशोधननं उत्तर दिलं. बाहेर आल्यावर राघवेंद्र म्हणाला, “पुढच्या महिन्यापासून हे तुम्हीच बघा, पहिल्यासारखं.” ‘बघू’ गेला होता. यशोधन हो म्हणाला. मग आपण आज थोडं लवकर निघू का, असं त्यानं विचारलं. “काही त्रास होतोय?” राघवेंद्र घाबरलाच. “नाही, नाही,” यशोधन म्हणाला. “एकांकडे जायचंय. राहून गेलंय.”

रिक्षातून त्यानं कमलिनीला फोन केला. अक्कांकडे निघालोय, असं सांगितलं. ती म्हणाली, “जिना आहे रे.” तो म्हणाला, “माहितेय.” “मी येऊ का? शाळेतून तशीच येते.” “नको. कठड्याला धरून जाईन.” या बाईनं इतके दिवस ओढले, आणि तिचे आभार मानायचं आपल्याला कधी सुचलंही नाही; तिच्यापुढं तो शब्दच लाजेल. “कमल,” तो म्हणाला. “काय?” “काही नाही. आलो की सांगतो.” ती हसल्याचं त्याला ऐकू आलं. “फुलं घेऊन जा,” ती म्हणाली, “अक्कांना मोगरा आवडतो. आणि घेतील त्या. नवरा गेला म्हणून आवड जात नाही.”

घर मंडी मोहल्ल्यातल्या एका अरुंद गल्लीत होतं. खाली मोबाइलच्या कव्हरांचं दुकान, बाजूनं दगडी जिना, उंच पायऱ्यांचा. फुलांची पुडी खिशात ठेवून त्यानं कठडा धरला. आधी उजवा पाय, मग डावा त्याच्या शेजारी. मधल्या वळणावर मांड्या थरथरायला लागल्या आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला. खालून स्कूटरचे हॉर्न येत होते, कुणाच्या तरी घरात फोडणी बसली होती, आणि आपल्या छातीतला श्वास आपोआप आत जातोय, आपोआप बाहेर येतोय. कुणी यंत्र लावलेलं नाही. तो थोडा वेळ नुसता त्या श्वासाकडे बघत राहिला. वरून आवाज आला, “यारु? कोण ते?” आणि मग कठड्यावरून अक्काचा चेहरा वाकला. “अय्यो! तम्मा! तू? पायांनी आलास काय?” ती खाली यायला निघाली, तशी त्यानं हातानंच थांबवली. “निधान, निधान,” ती वरून म्हणत राहिली, सावकाश, सावकाश, आणि तिच्या त्या हाकांना धरून तो उरलेल्या पायऱ्या चढला.

ती पुष्कळ वाकली होती. तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत घेतला, सोडला, पुन्हा घेतला. “बोल की. आवाज ऐकव. मी तुझा आवाज कुठं ऐकला?” खरंच, तिनं कधीच ऐकला नव्हता. त्या जाणिवेनं यशोधनचं इतके महिने तासलेलं वाक्य जागेवर नाहीसं झालं. “अक्का,” तो म्हणाला, “तुम्ही त्या दुपारी... माझं नाक...” फुलांची पुडी त्यानं तिच्या हातावर ठेवली. तिनं ती हुंगली आणि पदराच्या टोकाला बांधली. “तुमचे उपकार,” त्यानं शेवटी कसंबसं म्हटलं, “कसे फेडू मी?”

“काय फेडतो? बस आधी.” तिनं त्याला गच्चीच्या दारातल्या बाजेवर बसवलं आणि पाण्याचा तांब्या दिला. “तुला सांगू? हे गेले, तर माणसं आली घरी. रोज आली. सगळी मलाच सांगायची. रडू नको, देवाचं नाव घे, मुलाकडं बेंगळूरला जा. सगळी बोलायची. माझं ऐकायला कोण होतं? तू होतास.” मग तिच्या डोळ्यांत एकदम मिस्किल चमक आली. “तुला पळून जाता येत नव्हतं की!” आणि ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. यशोधन क्षणभर बघत राहिला आणि मग तोही हसला, घोगरं, खोकल्यात अडकणारं, पोटातून येणारं हसू, ते आवरेना. इतके दिवस त्याला वाटत होतं, की तो नुसता घेत पडून होता. त्या पांढऱ्या पाण्यात एक नाही, दोन माणसं होती. आणि ज्याच्या हातात काही नव्हतं, तोही कुणाला तरी धरून होता. ऋण उतरलं नव्हतं. ते तसंच होतं, पण आता ते अंगावरच्या उबेसारखं वाटत होतं.

ऊन उतरायला लागलं होतं. गच्चीवरच्या दोरीला साड्या वाळत होत्या. “कामाची बाई आज आली नाही,” अक्का म्हणाली. “एकटीनं घडी होत नाही, माझा हात पोचत नाही. हे टोक धरतो काय?” त्यानं हातांकडे पाहिलं. बोटं अजून पूर्ण मिटत नसत; सकाळी शर्टाचं वरचं बटण कमलिनी लावून द्यायची. तो उठला. सुती, निळ्या काठांच्या साडीची दोन टोकं तिनं त्याच्या दोन हातांत दिली, आपली दोन घेऊन ती मागं मागं गेली, आणि मध्ये साडी पसरत गेली, वाऱ्यानं फुगली. “घट्ट धर हं,” असं म्हणून तिनं हिसका दिला. तो हिसका त्याला मनगटात कळला, कोपरात कळला, खांद्यांतून पाठीत उतरून टाचांपर्यंत गेला. त्याची बोटं कापडावर आवळली आणि आवळलेलीच राहिली. सुटलं नाही. “आता तू ओढ,” अक्का तिकडून म्हणाली. त्यानं पाय रोवले आणि ओढलं. बेतानंच ओढलं असं त्याला वाटलं; पण अक्का धडपडून एक पाऊल पुढं आली आणि ओरडली, “अय्यो, साकु! मला पाडतो काय रे?” तो घाबरून टोकं सोडणार, तेवढ्यात ती हसते आहे हे त्याला दिसलं. “ओढ, ओढ,” ती म्हणाली, “चांगलं ओढतोस.” दोरीवर अजून साड्या होत्या.